बेस गिटारच्या पाठीवरची सरस्वती

२ ऑक्टोबर २०२५ रोजी गुरुवार होता, आणि त्या दिवशी दसरा व गांधीजयंती एकाच तारखेला आली होती. पंचांग आणि सरकारी सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवली की याची खात्री करता येते. दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसांना मात्र ती करावी लागत नाही. बुडालेली सुट्टी त्यांच्या स्मरणात पक्की बसते. मयूर विहारमध्ये राहणारे अशोक निमकर मंत्रालयातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आहेत. तरीही त्या सकाळी चहा घेताना त्यांचे पहिले वाक्य याच विषयावर होते.

“दोन सुट्ट्या एका दिवशी म्हणजे सरळ सरळ वेतनकपात.”

“बाबा, तुम्हाला तर रोजच सुट्टी आहे, यार,” त्यांची मुलगी रसिका बाल्कनीतून म्हणाली.

“माझा प्रश्न नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

रसिका बाल्कनीत वर्तमानपत्रे अंथरून बसली होती. तिच्यासमोर एका जुन्या बेस गिटारचे धड पालथे ठेवलेले होते. मान, तारा आणि खुंट्या आधीच सुट्या करून डब्यांत घातल्या होत्या. पुढे जे घडले ते या धडाच्या पाठीमुळे घडले. पण त्याआधी ती गिटार आणि तिची मालकीण, दोघींची ओळख करून द्यायला हवी.

रसिकाचा जन्म रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमधला. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, बाकी सगळीकडे हिंदी. ती गुरुग्राममधल्या एका कंपनीत अंतर्गत लेखापरीक्षण करते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात पुरावा कुठे कमी पडतो हे शोधते. कॉलेजपासून ती बेस वाजवते. ऑफिसच्या मित्रमैत्रिणींचा एक बँड आहे, त्यात तिची जागा पक्की आहे. फक्त वाद्य कायम दुसऱ्या कोणाचे असायचे. “बेस वाजवणारा दिसला नाही तरी चालतं, तो नसला की मात्र सगळ्यांना कळतं,” असे ती सांगते, आणि ते नम्रतेने सांगत नाही.

स्वतःची म्हणता येईल अशी पहिली गिटार तिने गेल्या उन्हाळ्यात गाझियाबादच्या एका बँडवाल्याकडून घेतली. लग्नांना स्पीकर भाड्याने देणारा हा माणूस गोदाम रिकामे करत होता. “पचास साल पुरानी है मॅडम, असली जपानी,” असे त्याने सांगितले. या विधानाचा पहिला भाग शक्य वाटतो, दुसरा संभाव्य. खुंट्यांचा घाट आणि पिकअपवरची, म्हणजे तारांचा कंप टिपणाऱ्या भागावरची, पत्र्याची टोपी सत्तरच्या दशकातल्या जपानी वाद्यांशी जुळतात. परंतु माथ्यावरचे नाव खरवडलेले आहे आणि जिथे क्रमांक असायचा ती पट्टी बदलून साधी पोलादी पट्टी बसवलेली आहे. विक्रेत्याने स्वतः ती करोल बागेतल्या, आता बंद झालेल्या एका भाड्याच्या दुकानातून इतर सामानासोबत उचलली होती. त्यामागचा माग लागत नाही.

गिटार पूर्ण काळी होती, आणि तो काळा रंग कारखान्यातला नव्हता. लोखंडी जाळीला देतात तो तेलरंग ब्रशने फासलेला होता. स्क्रूंच्या खाचासुद्धा बुजल्या होत्या. वाद्य जोडल्यानंतर कोणीतरी ते रंगवले, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. जुन्या वाद्यांचा शौक असलेले लोक मूळ रंगाला हात लावू नये म्हणतात. रसिकाचे म्हणणे असे की हा मूळ रंग नव्हेच, हा अत्याचार आहे. तिने ठरवले की काळा थर उतरवायचा, लाकूड घासून साफ करायचे आणि चपड्याचे पॉलिश द्यायचे. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या पोटलीने लाकडावर थरावर थर चोळत जायचे. फर्निचरच्या कारागिरांची ही जुनी रीत आहे. साहित्य तिने कीर्तिनगरच्या फर्निचर बाजारातून आणले आणि आधी घरातल्या एका पाटावर हात बसवून घेतला. वीणाताई, म्हणजे तिची आई, आजही तो पाट पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात.

पुढची बाजू सप्टेंबरमध्ये पूर्ण झाली. काळ्याखाली पिवळे पडलेले, पापुद्रे सुटलेले जुने वार्निश निघाले आणि त्याखाली फिकट, सरळ रेषांचे लाकूड. प्रत्येक टप्प्याचा फोटो रसिकाने काढून ठेवला. मग तिने गिटार पालथी केली. मागच्या बाजूचा फोटो तिने काढला नाही. “पाठीत काय बघायचं असतं?” हे तिचे नंतरचे स्पष्टीकरण. तिच्या ऑफिसात दुसऱ्या कोणी ते दिले असते तर तिने लाल शेरा मारला असता, हे तीच सांगते.

पाठीवरचा काळा रंग सुटला तेव्हा लाकडावर काही ओरखडे दिसले. टोकदार वस्तूने कोरलेल्या आखूड रेघा, वरच्या टोकाला वळण असलेल्या. काही उभ्या, काही तिरप्या. कैदी भिंतीवर दिवस मोजतात तशा. कोणीतरी कार्यक्रमांचा हिशेब ठेवला असेल असे रसिकाला वाटले. तिने पॉलिश पेपर घेतला, ज्याला दिल्लीत रेगमाल म्हणतात, आणि खालच्या टोकापासून वर घासायला सुरुवात केली.

दसऱ्याच्या सकाळी ती निम्म्यावर पोहोचली होती. वीणाताई हळदकुंकवाचे ताट घेऊन बाल्कनीत आल्या. निमकरांच्या घरी पूजेला आता लॅपटॉप असतो आणि गाडीची किल्ली असते. या वर्षी लेकीची हत्यारेही मांडावीत असे त्यांच्या मनात आले होते. त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या.

“रसिका, ही सरस्वती आहे.”

“कोण?”

“कोण काय विचारतेस! सरस्वती. पाटीवर काढतात ती. हे बघ, हे सगळे एक आहेत. एक, एक, एक.”

महाराष्ट्रातल्या घरांत दसऱ्याला पाटीपूजन होते. मुले पाटीवर एकाचा आकडा पुन्हा पुन्हा मांडून एक आकृती काढतात, आणि तीच सरस्वती. तिची ठेवण घरागणिक थोडी वेगळी असते, पण जिने ती लहानपणी काढली आहे तिला ओळखायला क्षण लागत नाही. रसिकाने ती कधी काढली नव्हती. क्वार्टरमध्ये दसऱ्याला पुस्तकांवर फुले ठेवायची, एवढेच तिला ठाऊक होते.

“मला कधी शिकवलंच नाहीस तू,” ती म्हणाली.

“पाटी कुठे होती घरात? तू म्हणालीस, स्लेट नको, व्हाइटबोर्ड हवा. बाकीची कुठे आहे?”

रसिकाने हातातला पेपर उलटा करून दाखवला. त्यावर लाकडाचा बारीक भुगा चिकटला होता.

“बाकीची इथे आहे.”

अशोकरावांनी उरलेल्या अर्ध्या आकृतीचा फोटो काढला आणि मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. त्यावर बरेच हात जोडले गेले. एकाने ही प्राचीन लिपी असल्याचे कळवले. दुपारी चंद्रप्रभा मोहिते यांचा फोन आला.

चंद्रप्रभाबाई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि द्वारकेत एकट्या राहतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. त्यांचे थोरले बंधू गुलाबराव सरकारी नोकरीत होते आणि गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवत. चाणक्यपुरीतल्या एका दूतावासाने जुने सामान विकायला काढले, तेव्हा त्यांनी ती गिटार मिळवली होती. एका दसऱ्याला घरात पाटी सापडेना, म्हणून त्यांनी कंपासच्या टोकाने गिटारच्या पाठीवरच सरस्वती कोरली आणि आईची बोलणी खाल्ली. पुढे ती गिटार कोणीतरी कार्यक्रमासाठी मागून नेली आणि ती परत आली नाही. गुलाबराव आता नाहीत.

या हकिगतीला आधार म्हणजे बाईंची स्मृती. गुलाबरावांचा गिटारसह एकही फोटो नाही. दिल्लीत त्या काळी मराठी कुटुंबे थोडीथोडकी नव्हती, आणि बेस वाजवणारा मराठी माणूस एकच असेल असे मानायला कारण नाही. बाईंनी मात्र एक असा तपशील सांगितला, जो पडताळता आला असता. गुलाबराव लहानपणापासून सरस्वतीचा सर्वांत खालचा, शेवटचा एक उलटा काढत, डोके खाली आणि पाय वर. मास्तरांनी मारले तरी सोडले नाही. “तो उलटा असेल तर आमचीच. बघा बरं,” त्या अशोकरावांना म्हणाल्या.

शेवटचा एक सर्वांत आधी घासला गेला होता.

अशोकरावांच्या मते प्रश्न तिथेच संपत होता. गिटार उघड व्यवहारात घेतलेली, बाईंकडे पुरावा नाही; वाईट वाटते, पण इलाज नाही. रसिकाला हे मान्य नव्हते.

“बाबा, पुरावा नाही असं नाही. होता. माझ्या हातून गेला. आमच्याकडे ज्याच्या ताब्यातून कागद हरवतो, त्याला त्या हरवण्याचा फायदा मिळत नाही.”

“तुझ्या कंपनीचे नियम घरात नकोत.”

“तुमच्या मंत्रालयाचे पण हेच होते. तुम्हीच सांगायचात.”

यावर अशोकरावांनी वर्तमानपत्र उघडले. ते कालचे होते.

रविवारी बापलेक धड चादरीत गुंडाळून मेट्रोने द्वारकेला निघाले. तपासणीच्या यंत्रातून गाठोडे बाहेर आले तेव्हा जवानाने विचारले, “ये क्या है जी?”

“गिटार।”

“तार कहाँ हैं?”

“घर पे।”

“तो बजाओगे क्या?” त्याने गाठोडे परत दिले. मागची रांग हसली. अशोकराव पुढच्या चार स्टेशनांपर्यंत हसले नाहीत.

चंद्रप्रभाबाईंनी धड मांडीवर घेतले आणि डोळ्यांपेक्षा बोटांनी पाहिले. उरलेल्या रेघांवरून बोट खाली आले आणि गुळगुळीत लाकडावर थांबले.

“इथून पुढचं सगळं गेलं?”

“हो, बाई.”

“तुला काय वाटलं होतं हे?”

“हिशेबाच्या रेघा.”

“कुठल्या शाळेत होतीस?”

रसिकाने शाळेचे नाव सांगितले.

“तरीच. आमच्या शाळेत घातली असतीत हिला, निमकर, तर दुसरीतल्या पोरीनंसुद्धा ओळखली असती.”

“लांब पडायची हो,” अशोकराव पुटपुटले.

रसिकाने जे बोलायचे ठरवले होते ते बोलून टाकले. गिटार गुलाबरावांची होती की नाही हे तिला सांगता येत नाही. पण ते सांगता येत नाही याला कारण ती स्वतः आहे. म्हणून संशयाचा फायदा बाईंना. गिटार त्यांनी ठेवावी. मान आणि बाकीचे भाग ती आणून देईल आणि पॉलिशही पूर्ण करून देईल.

बाईंनी नाही म्हटले नाही. धड त्यांनी ठेवून घेतले. परतीच्या मेट्रोत अशोकरावांनी मुलीला बसायला जागा दिली आणि स्वतः उभे राहिले. इतक्या वर्षांत असे पहिल्यांदाच झाल्याचे रसिका सांगते. बँडच्या पुढच्या सरावाला ती पुन्हा मागून आणलेली गिटार घेऊन गेली.

दिवाळीनंतर, हवा दाट झालेली असताना आणि घराघरांत खिडक्या बंद असताना, बाईंचा फोन आला. “येऊन जा. आणि मऊ शिशाची पेन्सिल आण.”

रसिका पोहोचली तेव्हा टेबलावर धड होते आणि शेजारी एक दगडी पाटी. बाईंनी आधी बोलून घेतले.

“मी रोज बघत बसले होते हिच्याकडे. आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. दादा उलटा एक काढायचा ते पाटीवर. ते नक्की. गिटारवरचा मी एकदाच पाहिला, आई ओरडत होती तेव्हा. तो उलटा होता, की मी पाटीवरचा आठवून तिथे बसवतेय? छाती ठोकून नाही सांगता येत. म्हणजे माझीही साक्ष अर्धीच.”

“पण बाई, खरं काय ते कळलं असतं. मी पुसलं नसतं तर.”

“कळलं असतं. आता नाही कळणार. त्यात रडण्यासारखं काय आहे? पाटीवरची सरस्वती दर वर्षी पुसतातच. पुसल्याशिवाय पुढच्या वर्षीची काढणार कुठे? जन्मभर पोरांच्या पाट्या पुसल्या मी. आणि गिटार माझ्याकडे ठेवून मी काय करू, तिच्यावर पापड वाळत घालू? घेऊन जा आणि वाजव. पण आधी ही पूर्ण कर. काढता येते का?”

“नाही.”

“मग बस खाली.”

आपल्या क्षेत्रात कोणापुढे न दबणारी रसिका त्या दुपारी पाटीवर एकाचा आकडा गिरवत बसली. पहिल्या दोन आकृत्या बाईंनी ओल्या फडक्याने पुसल्या. “ही सरस्वती नाही, हा मेट्रोचा नकाशा आहे,” दुसरीबद्दल त्या म्हणाल्या. तिसरी त्यांनी राहू दिली. मग रसिकाने गिटारच्या पाठीवर पेन्सिलीने हरवलेला भाग काढायला घेतला. वरचा भाग कोरलेला, खालचा पेन्सिलीचा. कुठून कोणाचा हात आहे ते कोणालाही दिसावे, असा तिचा आग्रह होता. बाईंना त्यात काही वावगे वाटले नाही.

वाद झाला तो शेवटच्या एकावर.

“आता उलटा काढ,” बाई म्हणाल्या.

रसिकाची पेन्सिल थांबली. “तो मी नाही काढणार.”

“दादासाठी काढ.”

“बाई, मी उलटा काढला तर उद्या कोणीतरी बघून म्हणेल, ही गुलाबरावांचीच. तुम्हीही म्हणाल. पुरावा मी पुसला, आता मीच बनवू?”

“मग सुलटा काढ.”

“तो काढला तर त्यांची नव्हती असं होईल.”

बाईंनी पाटी बाजूला सारली. त्यांना राग आला होता की हसू, याबद्दल दोघींच्या सांगण्यात फरक आहे. “हट्टी आहेस,” त्या शेवटी म्हणाल्या. “दादासारखी. ठेव रिकामी.”

पुढचे काम रसिकाने सलग केले. बाल्कनीत धूळ बसते म्हणून तिने आतल्या खोलीत पॉलिश दिले. स्पिरिटच्या वासावरून घरात झालेली भांडणे इथे नोंदवण्याइतकी महत्त्वाची नाहीत. चपड्याचे थर चढत गेले तसे लाकूड मधाच्या रंगाचे झाले. पेन्सिलीच्या रेघा थराखाली बंद झाल्या, त्या आता पुसल्या जाणार नाहीत. मानेवरचे पडदे, म्हणजे स्वरांच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, घासून सारखे केले, पिकअपची तार नव्याने जोडली, तारा चढवल्या. पहिल्याच स्वराला बाल्कनीच्या दाराची काच थरथरली. अशोकरावांनी आतून विचारले, “काय पडलं?”

“काही नाही पडलं. आपली गिटार आहे,” रसिका म्हणाली.

संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकावर जाते, म्हणून मंडळाचा गाण्यांचा कार्यक्रम पुढच्या रविवारी ठेवला होता. रसिकाने त्यात बेस वाजवला, आणि चांगला वाजवला. हे मत माझे एकट्याचे नाही, तिथल्या तबलजीचेही आहे, आणि तो सहसा कोणाचे कौतुक करत नाही. चंद्रप्रभाबाई पहिल्या रांगेत होत्या. मध्यंतरात त्यांनी गिटार मागून घेतली, उलटी केली आणि शेजारच्या बाईंना पाठ दाखवली. “वरची कोणाची ते माहीत नाही. खालची हिची. शिकवली मी,” असे त्यांनी सांगितले.

या वाद्याविषयी आज जे ठरवता येत नाही ते असे. ते कोणी घडवले हे माहीत नाही. काळा रंग कोणी दिला, आणि तो देताना पाठीवरची आकृती त्याला दिसली होती का, हेही माहीत नाही. वरचे एक कोरणारा हात गुलाबराव मोहित्यांचा होता, असे म्हणायला पुरेसा आधार नाही. नव्हता असे म्हणायलाही नाही. शेवटचा एक उलटा होता की सुलटा, हे सांगू शकेल असा कोणताही पुरावा माझ्या माहितीत उरलेला नाही.